आपण किती जण

वेटरने काय विचारलं ते सितारामला कळलं नाही, पण हॉटेलच्या दारात उभा असलेला माणूस जगात कुठेही एकच गोष्ट विचारणार, एवढी अक्कल त्याला होती. त्याने हात वर केला. पाची बोटं पसरून. वेटरने मान डोलावली आणि लांबलचक काळा एप्रन सावरत तो आतल्या अर्धवट उजेडात शिरला. सितारामला खरं तर बाथरूमला जायचं होतं, म्हणूनच तो सगळ्यांच्या पुढे होता. सुगत आणि शर्मिला अजून बाहेर मेन्यूच्या फळ्यापाशी वाचत उभी होती, आणि वेणूबाई भिंतीला टेकून बुटात गेलेला खडा काढत होती. साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. सुनेने घेतलेले. इथल्या दगडी रस्त्यांवर चपला टिकत नाहीत, असं सुनेचं म्हणणं. बाथरूम तळघरात होतं. जिना उतरताना आणि परत चढताना सितारामच्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं, हे त्याला नंतर पक्कं आठवत होतं. वर आला तर खिडकीजवळच्या गोल टेबलाशी तिघं बसलेली. चौथी खुर्ची त्याची. आणि आणखी एक खुर्ची होती, तिच्यासमोर बशी, काटा, सुरी, त्रिकोणी घडी घातलेला नॅपकीन, सगळं मांडून ठेवलेलं, जसं काही कोणी हात धुवायला गेलंय आणि आता येईल.

"बाबा, तुम्ही पाच सांगितलंत त्याला?" सुगतने विचारलं.

"मी? मी कुठे काय बोललो? नुसता हात दाखवला."

"तो म्हणतोय, पाच दाखवले."

"असेल मग," सिताराम म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

सुगतने वेटरला काहीतरी सांगितलं. वेटर हसून ती बशी उचलायला वाकला, तर वेणूबाईने बशीवर हात ठेवला. "राहू दे की. तिचं काय वझं होतंय कुणाला?" ती मराठीतच बोलली, पण वेटरला कळलं. तो हात मागे घेऊन निघून गेला. शर्मिलाने पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. सुगत मेन्यूत तोंड घालून बसला. आणि वेणूबाईने सितारामकडे पाहिलं नाही. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे न पाहिलेल्या वेळा पुष्कळ होत्या, पण त्यातल्या काही मुद्दाम न पाहण्याच्या असत, आणि ही त्यातली होती. ते त्याला लगेच ओळखू आलं. का, ते मात्र कळलं नाही.

प्रागला येऊन त्यांना पंधरवडा होत आला होता. महापेच्या कंपनीने सुगतला इकडे पाठवलं, मागोमाग शर्मिला आली, आणि या उन्हाळ्यात आईबाबांची वारी लागली. आठवडाभर सुगतला सुट्टी नव्हती, तेव्हा दोघं म्हातारा-म्हातारी फ्लॅटच्या खिडकीतून ट्राम बघत बसायची. आजचा शनिवार फिरायचा. सकाळी डोंगरावरचा राजवाडा झाला, त्यातलं उंच देऊळ झालं. देवळाच्या रंगीत काचांमधून फरशीवर पडलेला लाल-निळा उजेड वेणूबाईने बुटाने चाचपून पाहिला होता. आता जेवण, मग घड्याळ, मग पूल. सुगतने असं ठरवलं होतं आणि सिताराम ठरल्याप्रमाणे चालत होता. चालता चालता त्याला बरं वाटत होतं. आता जेवायला बसल्यावर त्याला बरं वाटेनासं झालं.

त्याने पुन्हा मोजलं. सुगत, शर्मिला, वेणू, मी. टेबलाखाली अंगठ्याने बोटांची पेरं दाबत मोजलं. चार. रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत त्याची सगळी नोकरी माल पाठवायच्या खात्यात गेली. ट्रकमध्ये चढणारे डबे मोजणं हेच काम, आणि घरातली माणसं मोजताना हात चुकला. म्हातारपण आलं की काय? त्यांच्या ऐरोलीच्या सोसायटीतले नंदकुमार असेच सुरू झाले होते. आधी चाव्या विसरायचे, मग मजला विसरायचे, एकदा सितारामच्या दारात उभं राहून स्वतःच्या बायकोला हाक मारत होते. सितारामने तेव्हा त्यांना हात धरून खाली नेलं होतं आणि जिन्यात त्यांच्या हाताचा गरमपणा त्याला नकोसा झाला होता. तसंच हे असेल. पण मग हात सहा का नाही दाखवत, तीन का नाही? पाच हा आकडा त्याच्या हाताला कुठून तरी माहीत होता. आई होती तेव्हा ते पाच होते. आई, वेणू, दोन पोरं आणि तो. वाशीच्या हॉटेलात पहिल्या बोनसला डोसे खायला गेले तेव्हा काउंटरवरच्या अण्णाला त्याने असाच पंजा दाखवला होता, आणि अण्णाने चार खुर्च्यांच्या टेबलाला एक स्टूल लावून दिलं होतं. स्टुलावर आकाश बसला. आकाश. नाव मनात आलं आणि त्याने काटा उचलून खाली ठेवला. सात-आठ वर्षांत हे नाव त्याने तोंडाने घेतलं नव्हतं. मनात येत नसे असं नाही, पण मनात यायचं ते नावावाचून, नुसता एक ओला, डोक्याला टॉवेल लावलेला आकार यावा तसं.

बदक आलं. भाजलेलं, तपकिरी, बाजूला लालसर आंबूस कोबी आणि पांढऱ्या जाड चकत्या. "हा पाव आहे, वाफवलेला," सुगत म्हणाला. वेणूबाईने एक चकती बोटाने दाबली. ती दबून परत वर आली तशी ती हसली. "हे इडलीचं भावंड दिसतंय." शर्मिलाही हसली, जरा जास्तच. टेबलावर पुन्हा बोलणं सुरू झालं, घड्याळ किती जुनं, पुलावर पुतळे किती, संध्याकाळी उजेड किती वेळ राहतो. सिताराम खात होता. बदकाचं मांस मऊ होतं, त्याला गावाकडच्या कोंबड्याची आठवण यायला हवी होती, पण त्याला त्या रविवारची येत होती. रिकाम्या बशीची कड त्याच्या कोपराला लागत होती. त्या रविवारी आकाश आला तेव्हा त्याचे केस ओले होते. स्वयंपाकघरात कुकर होता, त्याची शिट्टी अर्धवट होऊन बसली. पंख्याचं एक पातं किंचित वाकलेलं, फिरताना टक टक करायचं. खाली रिक्षा थांबवून मोनाली उभी, करावे गावची, आकाशची बायको, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. एवढं सगळं त्याला दिसत होतं. आवाज चढलेले आठवत होते. स्वतःचं शेवटचं वाक्य तर अक्षरन् अक्षर आठवत होतं, कारण ते त्याने त्यानंतर पुन्हा पुन्हा पाळलं होतं. "मला एकच मुलगा आहे, असं मी समजेन." ते ऐकून आकाश बॅग उचलून जिना उतरला. आणि सितारामने तसं समजायला सुरुवात केली. विमानात शेजारच्या माणसाने विचारलं, मुलं किती? "एकच," सिताराम म्हणाला होता, आणि वेणूबाई खिडकीबाहेरचे ढग बघत राहिली होती. सगळं आठवत होतं. फक्त भांडणाची सुरुवात आठवत नव्हती. कशावरून? तोंडात घास तसाच ठेवून तो मागे मागे जाऊ लागला, शिट्टीच्या आधी, पंख्याच्या आधी, आणि तिथे काही नव्हतं. दार उघडलं होतं आणि आकाश ओल्या केसांनी आत आला होता, त्याच्या आधी नुसती पांढरी भिंत.

"बाबा, आवडलं नाही का?"

"आवडलं की," सिताराम म्हणाला आणि घास गिळला.

घड्याळासमोर हीऽ गर्दी. जुन्या मनोऱ्याच्या भिंतीवर निळी-सोनेरी चक्रं, त्यांच्यावर आणखी चक्रं, आणि सगळी माणसं माना वर करून, हातात फोन धरून उभी. सुगत सांगत होता की तास झाला की हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या खिडक्या उघडतात, संतांच्या मूर्ती एकामागून एक येऊन जातात. सितारामने फोन काढला नाही. तो वेणूबाईच्या मागे उभा होता आणि तिच्या अंबाड्यात खोचलेली काळी पिन बघत होता. तेवढ्यात घंटा वाजली. खिडक्या उघडल्या, काही काळ्या आकृत्या डोकावून फिरल्या, कुठेतरी कोंबडा आरवल्यासारखा चिरका आवाज झाला, आणि संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "एवढंच?" वेणूबाई म्हणाली. शर्मिला हसून म्हणाली, "सगळेच असं म्हणतात, आई." पण सिताराम अजून वर बघत होता. खिडक्यांमधून किती मूर्ती गेल्या ते मोजायचं राहिलं म्हणून नाही. त्याच्या मनात आलं, आत त्या सगळ्या आताही उभ्या असतील, बंद खिडकीमागे, एकमेकांना चिकटून. कोणी बाहेर या म्हणेपर्यंत तिथेच असतील. हे मनात आल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. असले विचार करायची त्याला सवय नव्हती. आकाशला करावे गावात घर होतं, काम होतं, बायको होती, तो कशाला कुठल्या खिडकीमागे उभा राहतोय? खिडकीमागे कोण उभं होतं? बेलापूरला काही कामाला जायचं झालं तर सिताराम पामबीच रोडच्या बसने जायचा आणि करावे जवळ आलं की खाडीच्या बाजूला तोंड फिरवून बसायचा. गुलाबी पक्षी दिसतात का बघतोय, असं दाखवत. बसमध्ये त्याला ओळखणारं कोणी नसायचं तरी.

पुलाकडे जाणाऱ्या गल्लीत बाहुल्यांचं दुकान होतं. दोऱ्यांनी लटकलेल्या लाकडी बाहुल्या छतापासून खालपर्यंत, राजे, चेटकिणी, विदूषक, सगळ्यांचे पाय हवेत. शर्मिला आत शिरली, तिच्यामागे वेणूबाई, आणि उन्हापासून सुटका म्हणून सिताराम. तो एका फडताळामागे गेला होता, त्यांना दिसत नव्हता. शर्मिलाचा आवाज आला. "आई, ही बघा लाल टोपीवाली. दीक्षाला आवडेल ही. मागचा घोडा पाठवला त्याचे दोरे तिने आठवड्यात तोडले म्हणे."

"दोरे नकोत तिला," वेणूबाई म्हणाली, "गळ्यात अडकवून घेईल. बापासारखी हाय, कायपन गळ्यात घालते."

सिताराम फडताळामागून बाहेर आला. त्याच्या कानापाशी एक लाकडी पाय हलत होता, तो त्याने हाताने थांबवला. "दीक्षा कोण?" त्याने विचारलं.

शर्मिलाच्या हातातली बाहुली तशीच राहिली. दारातून सुगत आत आला, त्याने एकदा बायकोकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. "बाबा, बाहेर चला ना," तो म्हणाला. "इथे नको."

"दीक्षा कोण, विचारतोय मी."

"आकाशची," वेणूबाई म्हणाली. तिने आवाज खाली केला नाही की चढवला नाही. दूध उतू गेलं, किराणा आला, तसं सांगितलं. "पहिलीला गेली यंदा."

मुलगी झाल्याचं त्याला माहीत होतं. नंदकुमारांनीच, त्यांची बुद्धी शाबूत होती तेव्हा, दुधाच्या बूथवर विचारलं होतं, "नात झाली म्हणे? पेढे कुठायत?" आणि सिताराम म्हणाला होता, "कुणाला?" नाव त्याने विचारलं नव्हतं. नाव नसलं की माणूस पुरतं होत नाही, तसं काहीतरी त्याने धरलं असावं. आता नाव आलं आणि पाठोपाठ पाय आले, शाळा आली, तोडलेले दोरे आले. सुगत बोलत होता. बाबा, तुम्हाला फसवायचं नव्हतं, तुम्हाला त्रास होईल म्हणून, दादा दर आठवड्याला बोलतो आमच्याशी, आजचे फोटोही सकाळी त्याला पाठवले. "आणि तू?" सितारामने बायकोला विचारलं. "शनिवारी जाते," ती म्हणाली. शनिवारी ती विहारात महिला मंडळाला जात असे. जाताना डबा घेऊन जाई. सुकटीची चटणी, कधी भाकऱ्या, कधी तांदळाची खीर. विहारातल्या बायका आपल्या घरचं फार खातात, असं सितारामला दरवेळी वाटायचं आणि बोलून दाखवायचाही. ती ऐकून घ्यायची. एवढी वर्षं. म्हणजे त्याने अबोला धरला होता तो एकट्यानेच. घरभर सगळ्यांनी पाळलेला आहे असं समजून तो ज्याच्या आत बसला होता, त्याची मागची भिंतच नव्हती, आणि बाकीचे सगळे त्या बाजूने येत-जात होते. त्याला राग यायला हवा होता. त्याने रागाची वाट पाहिली. तो आला नाही. दुकानदारीण बाई त्यांच्याकडे बघत होती. सिताराम तिच्याकडे बघून का कोण जाणे हसला आणि बाहेर पडला.

पुलावर दोन्ही बाजूंनी दगडी पुतळे, मधून माणसांचा लोंढा, चित्रं विकणारे, बाजा वाजवणारे. चौघं एकामागून एक चालली होती. मग एका पुतळ्यापाशी, कठड्याला टेकून, सिताराम थांबला. "मला एक सांगा," तो म्हणाला, "भांडण कशावरून झालं होतं?"

"बाबा, जाऊ द्या ना आता."

"नाही, विचारतोय. भांडायला नाही विचारत. मला आठवत नाहीये."

सुगतने त्याच्याकडे नीट पाहिलं, खरं बोलतोय का ते बघण्यासाठी. मग तो नदीकडे बघत म्हणाला, "तुम्ही हिरामणकाकांबद्दल बोललात. दादाच्या सासऱ्यांबद्दल. जमिनी गेल्या, इमारती आल्या, आता भाड्यावर बसून खाणारी माणसं ही, आणि तू त्यांच्यात राहायला चाललास. असं म्हणालात."

"मी असं बोललो?"

"बोललात."

"मनात आलं असेल."

"मनातलं आम्हाला कसं ऐकू येईल, बाबा?"

हे सितारामच्या मनात होतं, आजही होतं, म्हणूनच त्याला खात्री होती की ते मनातच होतं. बाहेर आलं असतं तर आत कसं उरलं असतं? पण सुगतने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं होतं, त्याच्याच आवाजाच्या हेलासकट.

"तसं नाय," वेणूबाई मधेच म्हणाली. "ते नंतरचं. आदी डब्यावरनं झालं. मोनालीनं डबा पाठवलेला, कोलंबीचा, त्यांच्या खाडीतली. पोर पहाटे उठून करून आलेली. तुमी झाकणपन उघडलं नाय. फ्रीजमधी ठेव म्हनालात. आकाशला ते लागलं."

"मला ताप होता तेव्हा."

"ताप आदल्या आठवड्यात होता, अवो."

"त्याच दिवशी होता. तोंडाला चव नव्हती. माझ्या चांगलं लक्षात—" आणि तो थांबला, कारण लक्षात असण्याबद्दल बोलायचा त्याला आता काही हक्क राहिला नव्हता. त्या डब्याचं निळं झाकण त्याला आत्ता, ती बोलल्यावर, दिसायला लागलं होतं. पण ते खरंच निळं होतं की वेणूबाईच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण निळं होतं म्हणून? एक भांडण, एक खोली, तिथे चार माणसं होती. सुगतकडे एक कारण, हिच्याकडे एक, त्याच्या स्वतःकडे पांढरी भिंत. राहिला एक जण. "त्यालाच विचारायला पाहिजे," तो अर्धवट स्वतःशी म्हणाला.

शर्मिला इतका वेळ लांब उभी होती. ती त्या घरात आली तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. ती हळूच म्हणाली, "मी विचारलं होतं एकदा, बाबा. आकाशदादांना."

"मग?"

"ते म्हणाले, मला नीट आठवत नाही गं आता. बाबांना आठवत असेल."

बाजा वाजवणाऱ्याने गाणं संपवलं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सितारामने कठडा धरला. उन्हाने दगड तापलेला होता. एवढी वर्षं आपण नाही तर निदान तो तरी ते धरून बसलाय, भांडणाचं कारण त्याच्याकडे सुरक्षित आहे, म्हणून आपल्याला सोडून चालणार नाही, असं काहीतरी त्याच्या आत होतं. आणि तिकडे करावे गावात तोही तेच समजून बसलेला. मधे कोणीच नाही. तो वळला, पूल संपवून बाजूच्या पायऱ्या उतरला, आणि पाण्याच्या कडेला जिथे माणसं हंसांना बघत बसली होती तिथे दगडावर जाऊन बसला. मागे सुगतने हाक मारलेली त्याने ऐकली. "जाऊ दे, मी जाते," हे वेणूबाईचं बोलणंही ऐकलं.

हंस मोठे होते. पांढरे, पण जवळून पाहिलं तर मानेपाशी मळलेले, आणि पाण्याबाहेर आले की बेढब फताडे. एक लहान मूल त्यांना बिस्किट टाकत होतं आणि त्याची आई त्याला मागे ओढत होती. पाणी वाहतंय की उभं आहे ते सितारामला ठरवता येईना. ठाण्याच्या खाडीचं तसं नव्हतं, भरती असेल तर भरती, ओहोटी असेल तर चिखल. वेणूबाई येऊन शेजारी बसली. बसताना गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणाली.

"पाच दाखवलंत तवा मला वाटलं, आता बोलतील," ती म्हणाली. "घासागणिक वाटलं. आता बोलतील, आता बोलतील."

"मलाच कळलं नाही गं, मी कोणाला धरलं ते. हात आपला वर गेला."

"आकाशलाच धरलंत. नायतर कुणाला?"

"असेल."

"मग मोनाली कुठं बसली असती? अन् पोर?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. या वेळचं न पाहणं वेगळं होतं, रागाचं नव्हतं. "धरायचं तर सगळ्यांना धरा."

तिचं बरोबर आहे असंही त्याला वाटलं, आणि आपल्या हाताने निदान एवढं केलं याचं कोणी काही म्हणत नाही, असंही वाटलं, आणि हे दुसरं वाटणं त्याला हलकटपणाचं वाटलं. करावेचे लोक, हिरामण, त्याची तीन मजली इमारत, मुलाने तिथे जाऊन राहणं, हे सगळं अजून त्याला खुपतच होतं. त्यात काही बदललं नव्हतं. मग काय बदललं होतं? सकाळी राजवाड्याची चढण चढताना तो जो होता, तोच तो होता. फक्त त्याला आधार द्यायला जे होतं ते कोणीतरी, किंवा कोणीच नाही, काढून घेतलं होतं.

वेणूबाईने पिशवीतून फोन काढला. चष्मा लावला. बोटाने एक एक करत नाव शोधू लागली. "तिकडं आता जेवणं झाली असतील," ती म्हणाली. "मी लावते. बोलायचं तर बोला, नायतर नुसतं धरा."

"आत्ता नको. घरी गेल्यावर बघू."

"कुठल्या घरी?" ती म्हणाली आणि तिने फोन लावून त्याच्या हातात दिला.

रिंग वाजत होती. ती फार लांबून येत नव्हती, अगदी कानातच वाजत होती. आकाश "हॅलो" म्हणेल, आणि मग आपण काय म्हणायचं? सिताराम वाक्य शोधू लागला. कसा आहेस, हे फार झालं. जेवलास का, हे फार जवळचं झालं. तुला आठवतं का, हे तर आता विचारायचंच राहिलं नव्हतं. त्याने मनाशी दोन-तीन वाक्यं मांडली, मोडली. तेवढ्यात फोन उचलला गेला आणि पलीकडून आकाशचा आवाज नाही, टीव्हीचा गलका आला, आणि त्याच्या वरून एक बारीक, तोंडात काहीतरी असल्यासारखा आवाज. "आजीऽ, फोटो बघितले आमी! आजी? बोल ना."

सितारामने फोन बायकोकडे करायला हात पुढे केला. वेणूबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आजी नाही," तो म्हणाला.

"मग कोन बोलतंय?"

न. तसा न वेणूच्याही तोंडी होता, पण हा पोरीच्या आईकडचा. करावेच्या होडीवाल्यांच्या, मीठवाल्यांच्या बोलीतला. त्याची नात त्याला त्या न मध्ये विचारत होती, कोण बोलतंय. आजोबा म्हणावं, तर तो शब्द त्याने कमावलेला नव्हता. सुगतकाकाचा बाबा म्हणावं, तर ते खरं होतं, आणि ते म्हटलं असतं तर पुन्हा त्याच एकाच मुलाच्या वाक्यात जाऊन बसावं लागलं असतं. हंसांपाशी ते मूल रडायला लागलं होतं. "मी," तो म्हणाला, आणि पुढे काही आलं नाही, तेव्हा त्याने जे उरलं होतं ते सांगितलं. "मी सिताराम."

पलीकडे थोडा वेळ नुसता टीव्ही. मग फोन तोंडापासून लांब नेऊन ती ओरडली, "पप्पाऽ, कोनतरी सिताराम हाय!"

टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. कोणीतरी भांडं ओट्यावर ठेवलं. मग चालण्याचा आवाज, अनवाणी पायांचा, फरशीवरून, घाईचा नाही पण थांबणाराही नाही, खोली ओलांडून जवळ येणारा. ते ऐकता ऐकता सिताराम दगडावरून उठला. उठायचं काही कारण नव्हतं. शर्टाची सुटलेली गुंडी त्याने एका हाताने लावली, आणि फोन कानाशी घट्ट धरून तो उभा राहिला.